पुढे आलेली लांडगीण

माझ्या सासऱ्यांशी मी अडतीस वर्षांत एक शब्दही थेट बोललेले नाही. भांडण म्हणून नव्हे. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं. आमच्याकडे, उत्तर टोकाच्या या बर्फाळ वस्तीत, सुनेनं सासऱ्याशी आणि सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं, अशी जुनी रीत आहे. हल्लीच्या पोरी ती पाळत नाहीत. माझी स्वतःची मुलगी ओलिपा तिच्या सासऱ्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगते, आणि तो मुकाट्यानं करतो. आम्ही दोघं मात्र जुन्या वळणाची, आणि दोघंही हट्टी.

आमचा मधला माणूस म्हणजे माझा नवरा, मोसेसी. सासरे भिंतीला टेकून म्हणायचे, "तुझ्या बायकोला म्हणावं, या बुटाची शिवण सैल आहे, पाणी आत येतं." खोली केवढी, तर हात लांब केला की पलीकडची भिंत लागेल एवढी. मोसेसी माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगायचा, "बाबा म्हणतात, तुझ्या हातची शिवण म्हणजे शिवण." मी दोन्ही ऐकलेलं असायचं. हसू दाबायला मी चुलीकडे तोंड करायचे, आणि सासरे छताकडे बघत राहायचे. अशी आमच्या घरात पस्तीस-छत्तीस वर्षं कुणाची भांडणं झाली नाहीत. त्याचं श्रेय रीतीला द्यायचं की मोसेसीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी मोसेसीच्या छातीत दुखायला लागलं. विमानानं त्याला दक्षिणेतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तो पेटीतून परत आला. त्यानंतर घरात दोन माणसं उरली आणि मधे कुणी नाही. वीस-बावीस दिवस आम्ही एकमेकांना चहासुद्धा न विचारता काढले. मी कप ठेवायचे, ते घ्यायचे.

मग एके दिवशी मी अंगणात कुत्र्यांसाठी सीलचं मांस तोडत होते. सासरे माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि स्लेज ओढणाऱ्या आमच्या पुढारी कुत्र्याला म्हणाले, "सिउती, त्या बाईला म्हणावं, स्टोव्हचं तेल संपलंय."

मी मान न वळवता म्हटलं, "सिउती, मामंजींना म्हणावं, तेल पायरीखाली आहे. कालपासून."

सिउतीनं शेपूट हलवलं. त्या दिवसापासून तो आमचा मधला माणूस झाला. तो घरात नसला की किटली, नाहीतर स्टोव्ह. काम चालून जायचं. पण मोसेसी मधे साखर घालायचा, ती कुत्र्याला कुठून जमणार? आमचं बोलणं कोरडं झालं.

गेल्या हिवाळ्यात ओलिपाला दिवस गेले. वस्तीत कुणी विचारलंच नाही की नाव काय ठेवणार. मुलगा होवो की मुलगी, नाव मोसेसीच. माणूस गेला की त्याचं नाव थांबून राहतं, आणि नव्या बाळाला ते दिलं की तो माणूस घरी परततो. म्हणजे जे बाळ येणार ते माझा नवरा होणार होतं, सासऱ्यांचा मुलगा आणि ओलिपाचा बाप. शेजारची पानिकपाक तर मला दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "नवरा परत येतोय, जरा केस तरी विंचर."

बाळ आईच्या पाठीशी, अमाउतीत बसतं. अमाउती म्हणजे मागे पिशवी आणि मोठी टोपी असलेला बायकांचा जाड थंडीचा कोट. टोपीच्या कडेला लांडग्याची फर लावायची, कारण श्वासाचा बर्फ तिच्यावर धरत नाही, हातानं झटकला की पडतो. फर मिळणं अवघड नव्हतं. पलीकडच्या आगलाकनं भर हिवाळ्यातलं सुरेख कातडं आपण होऊन आणून दिलं. सासऱ्यांनी ते परत पाठवलं. सिउतीला म्हणाले, "माझा मुलगा येतोय, आणि त्याच्या तोंडाभोवती दुसऱ्याच्या गोळीचं कातडं लावायचं का?"

ते म्हणाले खरं, पण त्यांना तेव्हा माझा चेहराही नीट दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला दक्षिणेत जावं लागतं, आणि तिथून मोसेसी कसा परत आला ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून जायला तयार नव्हते. वर हिवाळाभर खोकला. असं करता करता जून उजाडला. सूर्य मावळायचा थांबून महिना होऊन गेला होता, आणि आणखी दहा-बारा दिवसांत लांडग्यांचे केस सुटायला लागले असते. ओलिपाला बाळंतपणासाठी खालच्या गावी न्यायचं विमानही त्याच सुमाराला ठरलं होतं.

एका सकाळी त्यांनी स्लेज भरली, कुत्री जोडली आणि माझ्या खिडकीखाली उभं राहून ओरडून सांगितलं, "सिउती, मी खाडीच्या पलीकडे जातोय. मला कुणाची गरज नाही. कुणाला यायचंच असेल तर येऊ दे."

माझी पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. मी जाऊन स्लेजवर बसले.

गोठलेल्या खाडीवरून जाताना माझं काम एकच, जे दिसेल ते सिउतीला सांगायचं. "सिउती, पुढे भेग आहे, डावीकडून जा." त्यावर सासरे स्लेजच्या दांड्याला म्हणायचे, "आम्हाला दिसली ती केव्हाच." आणि लगेच डावीकडे वळायचे. पुढे त्यांनी बर्फावरच्या एका काळ्या ठिपक्याकडे बोट केलं आणि सील पहुडलंय म्हणून बंदूक हातात घेतली. मी म्हटलं, "सिउती, मामंजींना म्हणावं, सील फारच शांत स्वभावाचं आहे." जवळून गेलो तेव्हा तो दगड निघाला. सासरे बंदूक परत ठेवून दांड्याला म्हणाले, "मी दगडच म्हणालो होतो." आपल्या माणसाला कुठवर टोचायचं हे मला कळतं.

पहिला मुक्काम पडला तेव्हा चहा पिता पिता ते किटलीला लांडग्यांच्या गोष्टी सांगू लागले. त्या मी मोसेसीच्या तोंडून शंभर वेळा ऐकल्या होत्या, पण मूळ माणसाकडून ऐकायला वेगळंच वाटतं. लांडग्यांच्या घरात एक बाप, एक आई, आणि बाकीची त्यांचीच वाढलेली मुलं. हिवाळ्यात बाप पुढे चालतो आणि सगळे त्याच्या पावलात पाऊल टाकतात, म्हणून बर्फावर एकाचीच वाट दिसते आणि नवखा शिकारी फसतो. पिल्लं झाली की मात्र सगळं घर आईभोवती फिरतं. ती बिळाशी बसून राहते आणि बाकीचे दिवस दिवस चालून पोटात मांस भरून आणतात, तिच्यापुढे ओकतात. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या लांडग्यालाही कुणीतरी आणून देतं, हे सांगताना ते थोडं थांबले. मीही त्यांच्यासाठी मांस बारीक चिरत होते, तेवढ्यात माझा हात थांबला.

मग ते म्हणाले, "कुत्री भुंकली की लांडगे चढावर उभे राहून बघतात. त्यांना आपलं कुतूहल वाटतं. पण एखादी सगळ्यांना मागे ठेवून पुढे आली, तर समजायचं, तिच्या पाठीमागे पिल्लं आहेत. जी पुढे येते तिला मारायचं नाही. हे मी मोसेसीला शिकवलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या खोऱ्यात शिरलो. तिथं बर्फ अर्धा वितळून जमीन उघडी पडली होती. कुत्र्यांनी नाकं वर केली आणि एकदम भुंकायला लागली. समोरच्या चढावर पाच लांडगे उभे होते. पांढरे, उन्हात, पांढऱ्या बर्फावर. चांगल्या डोळ्यांनाही ते हलले तरच दिसावेत. सासऱ्यांनी स्लेज थांबवली, नांगर रोवला, गुडघ्यावर बसले आणि बंदूक स्लेजवर टेकवली.

चौघं तिथंच थांबले. पाचवी खाली उतरायला लागली, न दबकता, सरळ आमच्याकडे. मी दुर्बीण डोळ्याला लावली. तिच्या पोटावरचे केस गेले होते आणि सड गुलाबी, भरलेले दिसत होते.

सिउती दहा पावलं पुढे, पट्ट्यात, भुंकत होता. मी म्हटलं, "सिउती, मामंजींना म्हणावं, ही पुढे आलेली आहे. पोटाशी दूध आहे म्हणावं." कुत्र्याशी बोलतो तशा आवाजात म्हटलं, ना मोठ्यानं ना हळू. तेवढं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. सासऱ्यांची मान हलली नाही. मला वाटलं, कुत्र्यांच्या गोंधळात त्यांना ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा तोंड उघडलं. या वेळी सिउतीला नाही, त्यांनाच सांगायचं होतं. 'थांबा.' एवढाच शब्द. तो घशापर्यंत आला, पण पुढे सरकेना. अडतीस वर्षं तिथं आडवी उभी होती.

बंदूक उडाली. ती एव्हाना इतकी जवळ आली होती की त्यांचाही नेम अचूक लागला.

बाकीचे चौघं चढापलीकडे गेले. आम्ही तिच्याजवळ गेलो. सासरे खुशीत होते. त्यांनी पाठीवरची फर बोटांनी उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाले, कातडं चांगलं आहे. मग ती उताणी करायला म्हणून त्यांनी पोटाखाली हात घातला. तो ओला होऊन बाहेर आला. त्यांनी हात नाकाशी नेला. मी कातडं सोलायची अर्धगोल सुरी, उलू, काढली होती, ती परत म्यानात ठेवली. ते तिथंच खाली बसले. सिउतीला काही बोलले नाहीत, दांड्याला बोलले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी हातात बर्फ घेऊन वितळवला आणि ते पाणी तिच्या तोंडात सोडलं. सील मारलं की आम्ही त्याच्या तोंडात गोडं पाणी घालतो. लांडग्याच्या तोंडात पाणी घातलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चढापलीकडून नर आवाज देत होता. तो तिला बोलावत होता, आणि ती आमच्यासमोर पडली होती.

मग मी कातडं काढायला घेतलं. एक शब्द ओरडले असते तर ती आत्ता बिळाकडे परतलेली असती. रीत मोडली म्हणून कुणी मला गावाबाहेर काढणार होतं का? मीसुद्धा स्वतःला दोष दिला नसता. हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि नंतर उन्हाळाभर म्हणत राहिले.

मला वाटलं, आता परतायचं. पण सासऱ्यांनी किटलीला सांगितलं, "निघायचं नाही." तंबू पलीकडच्या उंचवट्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठोकायला लावला. तिथून नदीपलीकडचं बीळ दुर्बिणीत सरळ दिसत होतं. खडकाखाली काळं तोंड आणि त्याच्याभोवती हिरव्या गवताचा एक तुकडा. साऱ्या खोऱ्यात गवत फक्त तिथंच उगवलं होतं, कारण पिढ्यान् पिढ्या लांडगे तिथंच वावरतात आणि जमिनीला त्यांचं खत मिळतं. सासऱ्यांच्या बापानंही ते बीळ पाहिलं होतं.

तंबूत बसल्यावर ते म्हणाले, "सिउती, त्या बाईला म्हणावं, पिल्लं जगतात का ते बघायचंय. जगली नाहीत, तर ते कातडं इथंच दगडाखाली राहील, आणि मी मोसेसीला हातात घेणार नाही."

एका आईला मारायचं, तिची फर दुसरीच्या डोक्याभोवती लावायची, आणि दुसरीचं बाळंतपण तर अजून व्हायचंय. त्यांना भीती वाटत होती आणि मलाही वाटत होती. त्यात ही नवी भीती. दीड वर्ष तो म्हातारा केवळ त्या बाळाच्या वाटेकडे डोळे लावून जगला होता. आता ते बाळ समोर आलं तर हात मागे घेणार म्हणतो. आणि बोललेलं खरं करणारा माणूस.

पहिल्या दिवशी नर आला. तोंडात ससा. त्यानं तो बिळाच्या तोंडाशी ठेवला आणि दोन पावलं मागे सरून वाट बघत बसला. आतून कुणी आलं नाही. मग त्यानं ससा उचलून आणखी आत सारला आणि पुन्हा मागे बसला. मी हे सगळं सिउतीला सांगत होते. सासरे ऐकत होते. या वेळी ते 'आम्हाला दिसतंय' म्हणाले नाहीत. म्हणाले, "पिल्लांना मांस खाता येत नाही म्हणावं अजून. तीन आठवड्यांचीही नसतील. दूधच लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या चौघांतली एक तरुण मादी बिळात गेली. सडपातळ, पाठीवर थोडी करडी छटा, चढावर असताना सगळ्यांत मागे उभी होती ती. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक पिल्लू लोंबत होतं. ते हलत नव्हतं. तिनं ते ओल्या शेवाळात नेलं, पायांनी उकरलं आणि नाकानं माती लोटून झाकलं.

दुर्बीण खाली ठेवली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

"बराच वेळ कुणी काही सांगत नाही," सासरे किटलीला म्हणाले.

"काही नाही म्हणावं, सिउती. वारा सुटलाय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "खोटं बोलायचं असेल तर कुत्र्याला मधे घालू नये म्हणावं. तो प्रामाणिक आहे."

मला लाज वाटली. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि जेवायला दिलं तेव्हा ते तोंडात घेतलं नाही. मी चिरलेलं मांस पुन्हा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवत राहिले.

तिसऱ्या दिवशी ती तरुण मादी आत गेली ती परत येईचना. सूर्य डोंगराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला तरी ती आतच. नर आणि दुसरे दोघं बिळाबाहेर पायांवर हनुवटी ठेवून पडले होते. कुत्र्यांचं मांस संपत आलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी निघावंच लागणार, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते कुणाला सांगत नव्हतो, किटलीलासुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली. हिरव्या गवताच्या तुकड्यावर कुशीवर आडवी झाली. तिच्यामागून एक करडं-तपकिरी पिल्लू धडपडत आलं. मग दुसरं. मग दोन एकदम, एकमेकांना ढकलत. पिल्लं तिच्या पोटाशी घुसली आणि पुढच्या पंजांनी तिला दाबायला लागली. मी दुर्बीण पुसून पुन्हा लावली. तिच्या पोटावरचे केस तिनं स्वतःच उपटून काढले होते.

"चार आहेत. पितायत. खरंच पितायत, एकाच्या तोंडातून बाहेर सांडतंय. तिनं पोट उघडं करून ठेवलंय. आणि नर आला बघा, तिच्यापुढे ओकतोय मांस, ती पडल्या पडल्या खातेय. शेपट्या हलतायत त्या पिल्लांच्या."

सासऱ्यांनी घसा खाकरला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी सिउतीचं नाव घेतलेलंच नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "असं म्हणावं, सिउती." सिउती तंबूमागे झोपला होता.

"येतं कधीकधी," सासरे म्हणाले, कुणाला ते सांगितलं नाही. "घरातल्या दुसरीलाही दूध येतं, स्वतःचं पिल्लू नसताना. मी ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि वाऱ्याला नावं ठेवली. वारा नव्हता.

कातडं आम्ही बरोबर आणलं. वस्तीत परतल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. किनाऱ्यावर शिकारी जमले होते, त्यांना म्हणाले, आईला मारलं, पिल्लं होती, एक मेलं, चार जगली. आगलाकनं कुत्री सोडायला हात लावला. पण गोळी उडायच्या आधी मी काय म्हणाले होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्यांना ऐकूच गेलं नसेल तर सांगून त्यांचं दुःख कशाला वाढवायचं? चूक माझी होती, ती माझ्यापाशी ठेवली. ओलिपा विमानानं गेली. मी खिडकीशी बसून अमाउती शिवली, टोपीला ती फर लावली. प्रत्येक टाक्याला माझ्या घशात तोच शब्द येत होता, आणि शिवण झाली तरी तो गेला नाही.

ऑगस्टात बाळ आलं. धावपट्टीवर अर्धी वस्ती जमली होती. मुलगी झाली होती, नाव मोसेसी. पानिकपाक मला कोपरानं ढोसून म्हणाली, "नवऱ्याचे दात गेले गं तुझ्या." सगळे हसले, मीही हसले आणि रडले. मी अमाउती ओलिपाच्या अंगावर घातली आणि बाळाला टोपीखालच्या पिशवीत सरकवलं. पांढऱ्या फरच्या गोलातून ते छोटं तोंड बाहेर बघायला लागलं.

घरी आल्यावर ओलिपा आंघोळीला गेली. बाळ मी सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी हात लगेच पुढे केले नाहीत. मग केले. मांडीवर घेऊन त्यांनी तिचा चेहरा बोटांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी.

"आलास," ते म्हणाले. "बरं झालं. मधे कुणी नव्हतं."

मी चहाचं पाणी ठेवायला वळले होते.

"मुला, तुझ्या बायकोला म्हणावं," ते सावकाश म्हणाले, "त्या दिवशी मी ऐकलं होतं."

मी किटली चुलीवर ठेवली आणि वळून बघितलं.

"कुत्री भुंकत होती, तरी ऐकलं. पुढे आलेली आहे, पोटाशी दूध आहे, सगळं ऐकलं. वेळेत ऐकलं. सुनेच्या डोळ्यांनी बंदूक चालवायची मला लाज वाटली. म्हणावं, तिची चूक नव्हती. ती उन्हाळाभर घेऊन बसली आहे, ते मला दिसत नसलं तरी कळतं."

चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. मी ते खाली उतरवलं. मग येऊन बाळासमोर, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर, गुडघ्यांवर बसले. इतकी वर्षं त्याच्यामार्फत मी कधी प्रश्न विचारला नव्हता, फक्त निरोप दिले होते.

"मामंजींना विचार," मी म्हटलं, "मी थेट ओरडले असते तर?"

बाळानं त्यांचं बोट धरून ठेवलं होतं.

"तर थांबलो असतो," ते म्हणाले. "आणि पुन्हा कधी तिच्या हातचं जेवलो नसतो. तेव्हा तसा होतो मी, म्हणावं."

"पुढच्या वेळी ओरडेन म्हणावं," मी म्हटलं.

त्यांनी बाळाला जरा वर उचललं, तोंड माझ्याकडे केलं.

"ओरड म्हणावं."